अंत्य

साखर पेठेत, सायकल दुकानाच्या माडीवर
मी बिडी कारखान्याचा हिशोब सांभाळतो.
डेटाबेसातून पगार निघतो,
जेसॉन होऊन बँकेच्या पडद्यावर उतरतो.
एवढंच काम. वर पत्रा, खाली हातोडी.

सोमवारी तिघी जिना चढून आल्या:
राजव्वा म्याकल, भूलक्ष्मी दासरी, हसीना नदाफ.
एकाच दिवशी नाव लागलं, म्हणून नवे नंबर लागोपाठ,
नवापासून सुरू, सोळा आकडी,
शेवटी त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.

तिघींचा बोनस भूलक्ष्मीच्या खात्यात.
तिने तो काढून, रुमालात बांधून,
तसाच आणलेला.

डेटाबेस उघडला. तिघी जागच्या जागी.
फाईल उघडली. तिघी जागच्या जागी.
पलीकडच्या पडद्यावर
चव्वेचाळीस
चव्वेचाळीस
चव्वेचाळीस.

शाळेत एकं दहं शतं म्हणत
सोळाव्या घराला पोचायचो, त्याचं नाव अंत्य.
नऊ अंत्य ओलांडून जरा पुढे गेलं
की त्या पडद्याला विषम आकडे दिसत नाहीत.
जवळच्या समावर नेऊन बसवतो,
कुरकुर नाही, लाल अक्षर नाही.
जुने नंबर बारा आकडी होते,
तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

हे मी त्यांना सांगू लागलो.
हसीना म्हणाली, "कट्ट्यात एक बिडी कमी भरली
तर आख्खा कट्टा तोंडावर फेकतात, साहेब.
इथं दोन बाया कमी भरल्या."

खरं तर नंबर तिथे मोजायला नव्हताच.
राजव्वात कोण काय मिळवणार?
हसीनाला कोण कशाने भागणार?
मग मी त्याच्या अलीकडे पलीकडे
अवतरणचिन्हं लावली.
आता तो आकडा नाही, अक्षरं.
जसा लिहिला तसाच जाईल.

राजव्वा पडद्याशी वाकली,
चिन्हांवर नख ठेवून म्हणाली, "दोरा मारला की ओ."
बत्तीस वर्षं तिच्या बोटांनी तेच केलंय,
तंबाखू सांडू नये म्हणून.

जिन्यात रुमाल सुटला.
राजव्वा तेलुगूत मोजत होती, हसीना दखनीत,
भूलक्ष्मी नुसती ओठ हलवत.
तिन्ही बेरजा जुळल्या असाव्यात,
कारण हसण्याचा आवाज आला.

मी वर बसून ऐकत होतो.
तेलुगूतले आकडे मला विसापर्यंतच येतात.