पाचव्या दिवसापर्यंत

शिकागोच्या त्या हॉटेलात, तळमजल्यावर,
एलिहियोनं भट्टी बांधली. गुडघे सोलवटून.
नवी भट्टी सात दिवस तापवायची असते,
पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, जपून,
तान्ह्याला न्हाऊ घालावं तशी.
घाई केली की तडा.

पाचव्या दिवशी मालक टीव्हीवर बोलला.
निवडणुकीला उभा होता. सीमेपलीकडून येणाऱ्यांसाठी
त्यानं एक शब्द वापरला,
जो आम्ही कोठीतल्या उंदरांसाठी राखून ठेवतो.

शेफ ऑक्टाव्हिया मका भिजत घालत होती.
हात पुसले. करार काढला. बत्तीस पानं,
आणि कुठेच लिहिलेलं नाही
अपमान कोणाच्या खात्यावर टाकायचा ते.
वकील म्हणाला, अनामत बुडेल, वर दंड.
ती म्हणाली, त्याचं मीठ
अजून खाल्लेलं नाही मी.
इथलं मीठसुद्धा माझंच आहे.

मका तिनं गोणीसकट नेला, ओलाच.
मी दुसरं टोक धरलं होतं.
लिफ्टपासून दारापर्यंत संगमरवरावर
पाणी ठिबकत गेलं.
दारवान काझिकनं ते पुसलं नाही.

आता तिथे स्टेक मिळतो म्हणे,
आणि भट्टीत फुलदाणी ठेवलीय.
एलिहियोला पैसे मिळाले. सगळे, वेळेवर.
तेच सलतं त्याला.
रात्री बायकोला विचारतो,
पाच दिवस तापलेली भट्टी
निवायला किती दिवस लागत असतील?
ती म्हणते, झोप आता.
उद्या सिसेरोत काम आहे,
सिमेंट तुलाच आणायचंय.