तरंगतं छप्पर

सात नंबरच्या टाकीला बहात्तर पायऱ्या,
गोल गोल, लोखंडी.
मे महिन्यात कठडा धरायचा नाही
हे मंसाराम उईकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
स्वतःचा तळवा दाखवून.

पहाटे साडेपाचला मी डिप घेतो.
पितळी ओळंबा सोडायचा, फीत सैल करायची, थांबायचं.
तळाला टेकल्याची बारीक ठण्
बोटांत कळते, कानांत नाही.
फितीवरचा लेप भिजला तिथे रंग बदलतो.
तेवढाच देश मला समजतो,
रंग बदलला ती रेघ.

मग तापमान, घनता
आणि सगळा हिशेब पंधरा अंशांवर आणायचा.
पंधरा अंश! नागपुरात!
"साहेब, हे कागदावरचं थंड गाव कुठी आहे?
माझी बदली करा ना तिथं."

पेट्रोलच्या टाकीचं छप्पर तरंगतं असतं.
साठा वाढला की वर येतं,
उपसा झाला की आत उतरतं
आणि टाकीची भिंत त्याच्यावर सावली टाकते.
म्हणे आता उपग्रह ती सावली मोजतात.
कुणीतरी, कुठल्यातरी गार खोलीत,
आमच्या खापरीची सावली बघून
उद्याचा भाव लावतो.
मी एकदा वर बघून हात हलवला होता.
उईके म्हणाला, "काऊन?"

या गावाला समुद्र सगळीकडून सारखाच लांब.
झिरो माइलच्या दगडावर
एकाही बंदराचं नाव नाही.
तरी कुठल्याशा चिंचोळ्या सामुद्रधुनीत
एक जहाज थबकलं
की दुपारपर्यंत वर्धा रोडवरची रांग
उड्डाणपुलाखाली वळते.
पाण्याच्या कॅनी, दुधाच्या किटल्या,
एकानं तर कूलरची टाकी उचलून आणलेली.

टीव्हीवर कुणी ठासून सांगतो
आपल्या रिफायनऱ्या केवढ्या मोठ्या.
आहेतच.
पण कढई केवढीही असो,
तेल शेजारणीकडून येतं
आणि शेजारणीचं दार आज लावलेलं आहे
हे चुलीपुढच्या माणसाला माहीत असतं.

मोबाइल गेटवर जमा असतो.
अकराला चहाला बाहेर आलो
तर कुंदाचे सात मिस्ड कॉल.
"खरं सांगा, आहे का नाही? गाडीत टाकून ठेवू?"
आकडा माझ्या खिशात होता, सहीशिक्क्यानिशी.
आहे म्हणालो तर घरातून गल्लीत, गल्लीतून पंपावर.
नाही म्हणालो तर त्याहून लवकर.
"वांगी आहेत का घरात?" मी विचारलं.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, "आहेत तीन."

शिफ्ट सुटली तेव्हा
छप्पर सकाळपेक्षा दोन हात खाली.
गेटबाहेर माझ्या स्कूटरनं चार किका घेतल्या
आणि मान टाकली. रिझर्व्हही संपलेलं.
लाखो लिटर पाठीशी ठेवून
मी ती ढकलत निघालो.

रांगेतला शेवटचा माणूस वळला,
माझ्या खिशावरचं नाव वाचलं.
"तुम्ही तर तिथलेच ना भाऊ?"
मी हो म्हटलं,
आणि त्याच्यामागे
स्टँड लावला.