चौथ्या मैलाचा माणूस

गेली अकरा वर्षं माझी नेमणूक इथेच,
चौथ्या मैलाच्या खुणेपाशी.
अंगात पिवळं जॅकेट, हातात बटणाचं घड्याळ,
आणि दगडी गडग्यापलीकडे मॅनियनची मेंढरं,
शर्यतीकडे पाठ करून चरणारी.

काम सोपं आहे.
येईल त्याला त्याची वेळ ओरडून सांगायची,
आधी मिनिटं, मग सेकंद.
बाकी बोलायचं नाही.
शाबासकीला पुढे चर्चपाशी बायका आहेत.

डर्वला हेगार्टी.
सतरा संपत आलेली.
उन्हाळाभर बंदरावरच्या शेडमध्ये मासळीवर बर्फ लोटते
आणि संध्याकाळी त्याच गारठल्या बोटांनी
बुटांच्या नाड्या बांधून पळत सुटते, पीटच्या रानातून.
गेल्या साली पाच मैल :
एकतीस मिनिटं, चार सेकंद.
ते वरचे चार
वर्षभर तिच्या घशात काट्यासारखे.
दुकानात भेटली तरी हवापाण्याचं बोलत नाही,
चार सेकंदांचं बोलते.

आज मनगट मोकळं.
घड्याळ असलं की दर शंभर पावलांना बघते,
म्हणून धाकट्या भावाच्या खिशात टाकलंय.
सुरुवातीच्या रेषेवर मला म्हणाली,
"कोलमन, आज माझं घड्याळ तुम्हीच."
हसत म्हणाली. मी हसलो नाही.

आधी आली कॅसलबारच्या क्लबातली तीन लांबटांगी पोरं,
मग शाळामास्तर, तोंड बीटासारखं लाल,
मग बराच वेळ नुसता वारा.
समुद्रावरून, समोरून.
शेवटचा मैल चढाचा, आणि तो असा वाऱ्यात तोंड घालून.

मग वळणावर ती.
डावा खांदा किंचित पडलेला, दमली की पडतो तसा.
नंबराची एक पिन सुटून कागद फडफडतोय.
मी घड्याळ पाहिलं :
चोवीस, अठ्ठेचाळीस.

याच चालीनं गेली तर बरोबर एकतीस.
एकतीसच्या आत नाही. बरोबर एकतीस.

ओरडण्याआधी श्वास घ्यावा लागतो,
तेवढ्याच वेळात झालं ते.
"चोवीस! पंचावन्न!"

सात सेकंद.
अकरा वर्षांत एकाचाही सेकंद मी इकडचा तिकडे केला नव्हता.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
बाजारात सुट्टे कमी मिळाल्यावर पाहतात, तसं.
पाय क्षणभर जड झाले.
आणि वाटलं, गेली. मारलं मी तिला.
मग फुशियाच्या लाल कुंपणाआड
पावलांचा आवाज बदललेला ऐकू आला.
चांगला की वाईट, कळेना.
कुंपण उंच आहे तिथे.

मला जागा सोडता येत नाही.
अजून दोनशे माणसं यायची होती.
प्रत्येकाला खरी वेळ सांगितली, अगदी पै-पैची.
बाबागाडी ढकलत आलेल्या बाईलाही,
आणि सगळ्यात शेवटी चालत आलेल्या डोनलला,
ज्याला वेळेशी काही घेणंदेणं नव्हतं.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा चहाची किटली दुसऱ्यांदा भरलेली.
भिंतीवर निकालाचा कागद, चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटलेली.
चष्मा शोधत होतो खिशात,
तर मागून आवाज :
"तीस, अठ्ठावन्न."

वळलो.
केसांत मीठ वाळलेलं, हातात अंड्याची सँडविचं.
"मी हिशेब केला," ती म्हणाली.
"तुमचं घड्याळ खरं असेल
तर तो चढ मी सहा मिनिटं तीन सेकंदांत चढले.
वाऱ्यात.
त्या क्लबातल्या पोरांपैकीही एकच तसा चढला."

"माझे डोळे," मी म्हणालो. "वय झालं."

ती काही बोलली नाही.
एक सँडविच माझ्या बशीत ठेवलं.
बाहेर तिचा भाऊ घड्याळ कानाला लावून
ते चालू आहे का ऐकत होता.

"पुढच्या वर्षी," दाराशी जाऊन ती वळली,
"खरं सांगा.
तेवढ्यावर जमतं का, बघायचंय मला."