ताशी पंचाण्णव

नवी स्कूटर दारात लावली तेव्हा लिव्हियोने आधी किंमत विचारली,
मग रंगाकडे पाहिलं. राखाडी.
"समुद्रापुढे उभी केलीस तर दिसणारसुद्धा नाही."
बरंच आहे की, म्हटलं, चोरालाही दिसणार नाही.

जुनी सव्वाशेची भाच्याला दिली.
व्हिया कोमेर्चालेच्या चढावर ती
मला आणि अवजारांच्या पेटीला घेऊन
मध्येच विचारात पडायची.
ही तीनशेची विचार करत नाही.
मूठ पिळली की चढ संपलेला असतो
आणि मी गिऱ्हाइकाच्या दारात,
दहा मिनिटं लवकर, हातात हेल्मेट,
बेल दाबावी की नाही अशी.

मी पियानो जुळवते. एकतीस वर्षं झाली.
म्हणून पहिल्याच आठवड्यात ऐकू आलं:
साठला, बरोबर साठला,
पुढच्या प्लास्टिकमागे कुठंतरी
बारीक झर्रर्र,
बरणीत कोंडलेली गांधीलमाशी.
ओपिचीनाचा झ्द्रावको म्हणाला, नवी आहे, बसेल हळूहळू.
नव्याचे नऊ दिवस कौतुकाचे असतात म्हणे.
माझे नऊही त्या माशीमागे गेले.

मग मी तिला हात लावायला लागले.
आधी सीटचा फोम बोटभर तासला,
पाय टेकेनात म्हणून.
मग मागच्या पेटीत कप्पे:
किल्लीला एक, रबरी पाचरींना एक,
ट्यूनिंग फोर्कला त्याचा एकट्याचा.
मग उंच काच मागवली, एकशे चाळीस युरो.
दिसायला झकास.
तीन दिवसांनी बोरा सुटला.

बोरा म्हणजे कसला वारा हे बाहेरच्यांना सांगू नये,
त्यांना वाटतं आपण तिखटमीठ लावतोय.
बंदराच्या कोपऱ्यावर काचेचं शीड झालं.
मी, स्कूटर आणि अवजारं,
आम्ही सगळे रस्त्याची अख्खी रुंदी आडवे गेलो
आणि एका मासळीच्या दुकानाच्या दाराला टेकलो.
आतल्याने मान वर न करता विचारलं, काय देऊ?
अर्धा किलो सार्डिन घेतले.

त्या रात्री ओट्यावर करवतीने काच कापली,
वीतभर ठेवली.
लिव्हियोने सार्डिन तळले.
एकशे चाळीस युरोंचा विषय
दोघांनीही काढला नाही.

पण झर्रर्र होतंच.

फेब्रुवारीत ताराबोक्याबाईंचा पियानो मोडीत निघाला.
किडीने आतून पोखरलेला; बाईंची बोटंही आता वळत नाहीत.
म्हणाल्या, हवं ते काढून ने, मी खिडकीकडे बघते.
मी पट्ट्यांखालचा हिरवा नमदा सोलून आणला,
सत्तर वर्षं दाबून दाबून पत्र्यासारखा झालेला.

स्कूटरचं नाक उघडलं. चौदा स्क्रू.
जिथे प्लास्टिक प्लास्टिकला टेकतं तिथे तिथे नमदा.
साठला शांत!
सदुसष्टला सुरू.
तुकडा सरकवला. चौऱ्याहत्तर.
आणखी एक डावीकडे. ब्याऐंशी.
स्क्रू आता तेराच होते.

तेव्हा गॅरेजात खाली बसले आणि हसायला आलं,
कारण हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं:
बारा सुरांचा हिशेब कधी पुरता जुळत नाही.
पंचम चोख लावत गेलात तरी
शेवटी कणभर चूक उरते.
ती पुसता येत नाही. आम्ही ती वाटून टाकतो,
प्रत्येक सुराला थोडी थोडी, कुणाला कळू न देता.
जुने लोक ती सगळी एकाच कोपऱ्यात ढकलायचे,
जिथे सहसा कुणी बोट नेत नाही.

आता ती पंचाण्णवला आहे.
माझ्या गिऱ्हाइकांच्या वाटेवर पंचाण्णव कुठंच लागत नाही.
फक्त एखाद्या रविवारी, रिकामी पेटी घेऊन,
कार्सोवरच्या सरळ रस्त्याला लागते,
नव्वद, ब्याण्णव,
श्वास धरून ऐकते.

आहे. ठेवली होती तिथेच.
मग मूठ सोडते
आणि कॉफीला थांबते.