सहाशेला बंद, साडेपाचशेला चालू

पंप तीन पाहिले.
पहिला सावद्याच्या गोठ्यातला, दूध काढायच्या मशीनचा.
श्वास मोठा, पण खोल नाही;
काटा चारशेपाशी जाऊन म्हशीसारखा बसायचा.
दुसरा एसीवाल्यांचा, नवा, निळा,
हात लावला तर चटका, किंमत ऐकली तरी चटका.
तिसरा मुराद तडवीच्या दुकानामागे पडलेला,
फ्रिज गेला, कॉम्प्रेसर राहिला.
"थोडी थोडी काढतो भो," मुराद म्हणे,
"पण तळापोहत काढतो.
तुझ्या पिशवीले भोकं नसतील तर घेऊन जाय."

आठशे रुपये. तेल फुकट.

भोक शोधण्याचाच तर मी छत्तीस वर्षं पगार घेतला.
भुसावळच्या यार्डात मालगाडीच्या कडेकडेने वाकून
व्हॅक्यूम ब्रेकच्या होजला कान लावत गेलो.
तिथे पोकळी टिकली तर चाकं मोकळी,
हवा शिरली की गाडी जागच्या जागी.
इथे उलटं.
पोकळी टिकली तर धरून ठेवायचं.

शेजारच्या झोप्यांच्या शर्वीला फळी हवी होती,
चार चाकांची, दोन्ही टोकं वर वळलेली.
"विकत आणली तर पप्पा ओरडतील,
तुम्ही केली तर कसे ओरडतील?"

मग लाकडाचे सात पापुद्रे, मध्ये रेझिन,
खाली साचा, वर जाड प्लॅस्टिक, कडेला काळी चिकटपट्टी.
जळगावच्या सहा इंची पाइपाला दोन्हीकडे टोप्या लावून टाकी,
टाकीच्या तोंडाशी एकच दिशा ओळखणारा व्हॉल्व्ह.
आणि हे सगळं रात्री एकनंतर,
कारण मे महिन्यात दुपारी
वाटीतलं रेझिन वाटीतच धूर काढून दगड होतं.

पहिल्या वेळी पंप सुटाच सोडला.
काटा पावणेसातशेच्याही पुढे.
मला अभिमान वाटला.
सकाळी पापुद्रे कांद्यासारखे सुटले;
रेझिन सगळं पिळून कडेला आलेलं,
आणि पंपाचं तेल ताकासारखं पांढरं,
लाकडातलं पाणीसुद्धा ओढून प्यायला होता लेकाचा.

दुसऱ्या वेळी स्विच बसवला, सहाशेला बंद.
आणि सहाशेच्या एक रेघ खाली चालू.
टक. टक. टक. टक.
रिले रात्रभर दात वाजवत राहिली.
अडीचला झोपे बनियनवर बाहेर आले,
म्हणाले, "आमचं आडनाव तरी राहू द्या."

तेव्हा मध्ये पन्नास सोडले.
सहाशेला बंद, साडेपाचशेला चालू.
दुरुस्ती म्हणाल तर एवढीच, स्क्रूचे अडीच फेरे,
थोडं सैल होऊ देण्याची तयारी.

तरी पंप दर चार मिनिटांनी उठत होता.
पंखा बंद केला. कूलर बंद केला.
कान प्लॅस्टिकच्या कडेने नेला,
यार्डातल्यासारखाच, श्वास धरून.
उजव्या कोपऱ्यात, घडीपाशी,
मुंगीने शीळ घालावी तेवढं.
अंगठा दाबला. गप्प.
मग चाळीस मिनिटं पंपाला काम नाही.

शर्वी ओट्यावरून विचारते,
"एवढासा पंप, मग दाबतोय कोण?"
पंप दाबत नाहीच.
तो आतली जागा रिकामी करतो फक्त,
आणि सातपुड्यापासून इथवर पसरलेली,
कोळशाचा न् सुकल्या केळीपानाचा वास असलेली हवा
येऊन फळीवर बसते.
हिशेब केला: तेरा क्विंटल.
"पिकअपभर केळी," ती म्हणाली,
आणि प्लॅस्टिककडे जरा लांबूनच पाहिलं.

तीन दहाला लाईट गेली.
टॉर्च काट्यावर.
सहाशे. पाचशे नव्वद. मग बराच वेळ नव्वदच.
व्हॉल्व्हने तोंड मिटून धरलेलं.
आम्ही दोघं घामाने चिंब, बोललो नाही.

तीन पस्तीसला आली.
झोप्यांचा कूलर सुरू झाला, रस्त्यावरचा दिवा लागला,
कुणाच्या तरी घरात टीव्ही मध्येच बोलायला लागला.
काटा पाचशे सत्तरवर.
पंप काही उठला नाही.