भांगाचं पाणी

मिसरी तिचं नाव. रंगच तसा,
तव्यावर जरा जास्त भाजलेला.
टांगेवाला विकताना म्हणाला,
"पाण्याला बुजते, बाकी गुणाची."
तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे वण होते.
त्यांच्याबद्दल तो काही बोलला नाही.

पहिले नऊ दिवस मी तिच्या छपरात बसून
नुसती सोलं निवडली,
पाठ तिच्याकडे करून.
दहाव्या दिवशी मानेवर गरम फुरफुर आली.
मी सोलं निवडत राहिले.

मग गोणपाट.
आधी हुंगायला.
मग पाठीवर ठेवून लगेच काढायला.
मग ठेवून, तिनं एक उसासा टाकेपर्यंत थांबायला.
खोगीर आलं तेव्हा गणपती होऊन गेले होते.
तंग रोज एकच भोक आवळायचा, जास्त नाही.
अब्बा ओट्यावरून ओरडले,
"दिवाळीचं गिऱ्हाईक तोंडावर आलंय,
घोडी आणलीस की सून?"
म्हटलं, सुनेला एवढं कोण विचारतं.

समुद्राचं भागी कोळणीनं सांगितलं:
"अष्टमीला ने. भांगाचं पाणी,
लाट म्हणजे नुसती जीभ."

अष्टमीला ओल्या रेघेपर्यंत गेलो, परतलो.
नवमीला एक खूर भिजला.
दशमीला फेस सळसळत आला, ती मागे सरली,
मीही सरले. दोर सैलच ठेवला;
ताणला की भीतीला धरायला काहीतरी मिळतं.
द्वादशीला गुडघाभर पाण्यात उभी राहिली,
शेपटी हलवत, जशी काही तिचीच पुळण.

त्रयोदशीला एक मोटारबोट किंचाळत वळली
आणि सगळं गेलं.
सुरूच्या बनातून दोर फरफटत ती जी सुटली,
ती थेट छपरात सापडली,
भिंतीला तोंड लावून, अंगभर थरथरत.
मी खरारा घेतला. एक शब्द बोलले नाही.
पुनवेचं उधाण त्या रात्री बांधावर आपटत होतं,
तिचा एक कान तिकडे,
एक माझ्या हाताकडे.

दिवाळीत दुसऱ्यांच्या घोड्या धावल्या.
अब्बांनी हिशेबाची वही उघडलीच नाही.

कार्तिकातली अष्टमी. पुन्हा ओली रेघ, पुन्हा एक खूर.
या खेपेला मी पाठीवर,
तोंडात लोखंड नाही, फक्त सुती मोरकी.
लाट आली, तिच्या खुरांवर पसरली,
लगेच निघून गेली.
पुन्हा आली, थोडी जास्त थांबली.
मिसरीनं मान खाली घालून तिला हुंगलं,
गोणपाट हुंगला होता तसंच,
आणि एक लांब उसासा टाकला.

मला अजून चार पावलं हवी होती.
रिकिबीतून पाय काढला,
पाण्यातच उतरले, सलवार भिजवून.
"आज एवढंच," म्हटलं,
आणि तिच्या आधी मीच वळले घराकडे.
दोर माझ्या खांद्यावर होता,
एकदाही ताणला गेला नाही.