हरकत

फलक वाचला. विजेच्या खांबाला बांधलाय,
तारेनं, घाईत, जरा वाकडा:
'जलाशयाच्या काठी, पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत
कोणतेही वाहन नेण्यास मनाई करण्याचे योजिले आहे.
हरकती तीस दिवसांत. लेखी.'

तर ही लेखी.

मी अंकुश धनावडे. मेढ्यात मिक्सर, पंखे दुरुस्त करतो.
माझ्या स्कूटरला मागं दोन जादा चाकं आहेत,
नसीम मुलाण्यानं वेल्डिंग केलेली.
डावं चाक चुंई करतं, त्यावरून पोरं मला ओळखतात.
पाचशे मीटर म्हणजे तुमची
एक सिगारेट संपेपर्यंतची वाट.
मला कुबड्यांवर, भेगाळल्या गाळातून,
दर भेगेशी वेगळी बोलणी करावी लागतात.

पण थांबा साहेब,
लगेच समासात 'अपंगांस सूट' लिहू नका.
सूट मी बसच्या तिकिटात घेतो.
इथं मी सूट मागायला आलेलो नाही.

वैशाखात पाणी मागं हटतं
आणि कण्हेरच्या पोटातून जुना रस्ता वर येतो:
खडी, एक मोरी, एक मैलाचा दगड,
त्यावरचा आकडा माशांनी चाटून नेलाय.
ह्याच रस्त्यानं आमची एसटी यायची.
तुम्ही धरण बांधलंत, गाव उचललंत,
रस्ता तेवढा उचलायचा राहिला.
तो अजून सरळ पाण्यात उतरतो,
मधे काही घडलंच नाही अशा थाटात.
आता त्यालाच तुम्ही काठ म्हणता.
रस्त्यावर गाडी बंद,
हे लिहिताना पेन अडखळलं नाही?

आणि खरं सांगायचं तर
मी तिथं गाव आठवायलाही जात नाही.
मजा करायला जातो.
रविवारी, ऊन उतरल्यावर,
वाळून कडक झालेल्या सपाट गाळावर
मूठ पिळतो, पंचेचाळीस, पन्नास,
पुढं माणूस नाही, गतिरोधक नाही,
'अहो जरा जपून' म्हणणारी मेव्हणी नाही.
शेलारांच्या जीपमधे सात पोरं उभी राहून ओरडतात,
मी त्यांच्या शेजारून निघतो, चुंई चुंई,
आणि हरतो.
हरण्यातही जोर लागतो साहेब,
तो बाकी आठवडाभर कुठं वापरू?

टिटवीचं म्हणाल, तर ते खरं आहे.
गेल्या साली बाहेरच्या गाड्यांनी गोल गोल घिरट्या घातल्या,
चार अंडी होती, खड्यासारखी,
खड्यातच गेली.
माझंही चाक एकदा एका घरट्यापासून वितीवरून गेलं.
टिटवी डोक्यावर रात्रभर ओरडत होती,
म्हणजे घरी आल्यावरही.
तेव्हापासून विमल पुढं चालते, मी मागून.
घरटं दिसलं की भोवती दगड मांडते, पांढरे, चुन्याचे.
तुम्हीही मांडा. खुंट्या ठोका.
तो दक्षिणेचा तुकडा पाऊस पडेपर्यंत बंद करा,
मी पहिली सही करतो.
बाटल्या फोडणाऱ्यांचे नंबर लिहून घ्या,
पेन मी देतो.

पण रात्री दोनला मुरुमाचे डंपर जातात
ते फलक वाचत नाहीत.
आणि वरच्या रिसॉर्टचं फाटक थेट पाण्यावर उघडतं,
त्यांच्या पाहुण्यांना गाडी लागतच नाही.
म्हणजे बंदी नेमकी कुणावर, हे मोजून पाहा.
मी पाहिलं. बोटं पुरली.

सोबत जोडले आहे:
गाडीच्या कागदांची झेरॉक्स,
आणि एक फोटो, काठाचा.
पाण्याकडे गेलेल्या तीन रेघा दिसतात,
परत आलेल्याही तीन.
जुलैत पाणी चढलं की त्या राहत नाहीत,
आमच्या गावाचं जे झालं तेच.

अक्षर हललंय, क्षमस्व.
कागद सीटवर ठेवून लिहितोय
आणि इंजिन बंद केलेलं नाही.